अंगवळणी पडलेला होकार

मैथिली खैरनारनं आयुष्यात एकच वस्तू बनवली असं म्हटलं तरी चाललं असतं, आणि ती वस्तू म्हणजे एक बटण. बोटाच्या पेराएवढं, कडा जराशा गोलावलेल्या, रंग कोवळ्या भाताच्या रोपासारखा. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, काठापासून ठरलेल्या अंतरावर ते असे आणि त्यावर एकच शब्द असे, ‘होकार’. दाबलं की अंगठ्याखाली दोन बारीक ठोके जाणवत. काम झालं, हे डोळे मिटूनही कळे.

२०३४ साली ती पुण्यात सामाईक रचना मंडळात नोकरीला लागली, तेव्हा असलं काही नव्हतं. वीजबिलाच्या साइटवर लाल बटण म्हणजे पैसे भरा आणि पेन्शनच्या साइटवर लाल बटण म्हणजे अर्ज रद्द करा. कुठं ‘सबमिट’, कुठं ‘पुढे जा’, कुठं नुसता बाण. नाशिकला तिचे वडील नाना आपला हयातीचा दाखला भरायला बसत आणि दोनदा त्यांनी तो भरता भरता स्वतःच रद्द करून टाकला होता. चार महिने पेन्शन बंद. सबस्टेशनात पस्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेला, एकदाही चुकीचा खटका न ओढलेला माणूस त्या फोनपुढे बसून म्हणाला होता, “मैथिली, मी म्हातारा झालो की ह्यांना नीट बनवता येत नाही, एवढं मला सांग.”

ते वाक्य घेऊनच ती मंडळात गेली होती.

मंडळाच्या कामाला ‘एकसूत्र’ असं नाव होतं. कल्पना सोपी होती. रंग, अक्षरांचे आकार, दोन ओळींमधली अंतरं, बटणं, सूचना, तक्ते असा स्क्रीनवर लागणारा प्रत्येक तुकडा एकदाच नीट बनवायचा आणि एका भांडारात ठेवायचा. पुढं ज्याला कुणाला साइट किंवा अॅप बनवायचं असेल त्यानं स्वतःचं काही न घडवता भांडारातले तुकडे उचलून जोडायचे. भांडारात एका जागी दुरुस्ती केली की संध्याकाळपर्यंत राज्यातल्या सगळ्या स्क्रीनवर ती दुरुस्ती उमटे. आधी सरकारी खाती आली, मग बँका, मग दवाखाने, शाळा, लिफ्ट, मोटारी. २०३७मध्ये कायदाच झाला, की लोकांच्या वापरातली कुठलीही स्क्रीन एकसूत्रातच असली पाहिजे.

लोकांनी दुवा दिला. ज्यांना वाचायला जड जाई तीही माणसं एकदा शिकली आणि सगळीकडे चालू लागली. माणसासमोर प्रश्न आल्यापासून होकार दाबेपर्यंतचा सरासरी वेळ पहिल्या वर्षी सहा सेकंद होता. पाचव्या वर्षी तो एका सेकंदाच्या आत आला. त्या दिवशी मैथिलीनं ऑफिसात पेढे वाटले.

डॉक्टर फिरोज मुलाणी तिला भेटायला आले ते २०४१च्या मार्चमध्ये. मेंदू आणि हालचाल यांवर संशोधन करणारा, उंच, थोडा पोक काढून चालणारा माणूस. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि काही प्रस्तावना न करता आलेख दाखवला.

“ही निळी रेघ म्हणजे डोळे. माणूस वाचत कुठवर आलाय ते कळतं. ही तांबडी म्हणजे अंगठ्याचा स्नायू. मनगटावर पट्टी लावून मोजलंय.”

मैथिलीनं पाहिलं. निळी रेघ पहिल्या ओळीच्या मध्यावर होती आणि तांबडी उसळून गेली होती.

“वाचून व्हायच्या आत बोट निघतंय,” ती म्हणाली.

“दहातल्या सात जणांचं. मग मी एक गंमत केली. आता तिला गंमत म्हणवत नाही. सूचनांच्या रांगेत मध्येच एक वाक्य घातलं: ‘माझा डावा हात काढून टाकण्यास माझी संमती आहे.’ शंभरातल्या एकसष्ट जणांनी होकार दाबला. नंतर विचारलं तर निम्मे शपथेवर सांगत होते, की असलं काही आलंच नव्हतं.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे म्हणाले, आम्ही वाचलं होतं.” मुलाणींनी चष्मा काढून पुसला. “त्यांनीही वाचलेलं नव्हतं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणूस एखादी कृती नवीन शिकतो तेव्हा मेंदूचा वरचा, विचार करणारा थर कामाला लागतो. तीच कृती, त्याच जागी, त्याच खुणेवर, हजारो वेळा झाली की ते काम मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यांकडे सोपवलं जातं. सायकलचा तोल, शर्टाची बटणं, जिन्याच्या पायऱ्या, सगळं तिथून चालतं. वरच्या थराला नंतर फक्त खबर मिळते आणि तो बिनदिक्कत समजतो, की हे मीच ठरवलं.

“ह्यात लोकांचा मूर्खपणा नाही,” मुलाणी म्हणाले. “मेंदूला असे कष्ट वाचवावेच लागतात, नाहीतर दात घासतानासुद्धा माणूस दमेल. पण आजवर ‘हो’ म्हणणं त्या यादीत कधी नव्हतं, कारण ‘हो’ दर वेळी वेगळं असायचं. कधी सही, कधी मान, कधी वैताग आणणारी एखादी साइट. त्या वैतागामुळं माणूस जागा राहायचा. तुम्ही त्याला एकच जागा दिलीत, एकच रंग, तेच दोन ठोके. माणूस दिवसाला शंभर वेळा दाबतो. बाई, होकार अंगवळणी पडलाय.”

“तुम्हाला काय हवंय?”

“ज्या गोष्टी परत फिरवता येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा तुकडा. दर वेळी जागा बदलणारा. एखादा शब्द लिहायला लावणारा. थोडा त्रास देणारा. तेच हाताचं वाक्य, बटण डाव्या वरच्या कोपऱ्यात नेलं, तेव्हा शंभरात तिघांनी दाबलं.”

मैथिलीनं तो अर्ज पंधरा दिवस ठेवून घेतला. त्या पंधरा दिवसांत ती एकदा नाशिकला जाऊन आली आणि जेवताना तिनं सहज नानांना हे सांगितलं. नानांनी हातातला घास ताटात ठेवला.

“आमच्याकडं मेन खटका पेटीत, कुलपात असायचा,” ते म्हणाले. “लाइनवर माणूस चढला की पेटीची चावी त्याच्या खिशात. मी कितीही घाईत असलो, वरून साहेबाचा फोन असला, तरी तो खाली उतरेपर्यंत मला खटका टाकता यायचा नाही. शिव्या घालायचो आम्ही त्या पेटीला.”

“नाना, ती वीज होती. हे फॉर्म आहेत.”

“बरं बाई,” नाना हसून म्हणाले. “तुझं तुला ठाऊक.”

पुण्याला परत आल्यावर तिनं अर्जावर शेरा लिहिला. तो शेरा लिहिताना ती अप्रामाणिक नव्हती. एका खात्याला अपवाद दिला की दुसरं खातं म्हणणार, आमचं कामही गंभीर आहे. दोन वर्षांत चाळीस तऱ्हेची बटणं होतील आणि पुन्हा कुणीतरी म्हातारा आपला दाखला रद्द करून बसेल. हे सगळं खरं होतं. शिवाय ते बटण तिचं होतं, हेही खरं होतं. पण ते तिनं शेऱ्यात लिहिलं नाही. ‘अपवाद नामंजूर,’ असं लिहून तिनं खाली होकार दाबला.

*

२०४३च्या जानेवारीत नानांना न्यूमोनिया झाला. वय एकोणऐंशी. नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. आई घरी, गुडघ्यांनी अडलेली. मैथिली शनिवार-रविवार येई. बाकीचे सगळे दिवस नानांपाशी हर्षल होता, तिचा सहा वर्षांनी धाकटा भाऊ. पिंपळगावच्या द्राक्षांच्या शीतगृहात तो पाळीप्रमुख होता. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला तोच स्क्रीनवर होकार देई. रजा टाकून तो बापाच्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला तो बसलाच.

खाटेच्या कडेला नातेवाइकांसाठी एक पाटीएवढी स्क्रीन होती. रुग्णालयाला प्रत्येक गोष्टीची संमती तिथं लागे. रक्त घ्यायचंय, कूस बदलायचीय, नळीतून पेज द्यायचीय, चादर बदलायचीय, खोलीतला दिवा मंद करायचाय. हर्षल बिचारा प्रत्येक वेळी उठून दाबी. अकरा दिवसांत त्यानं सहाशेच्यावर वेळा दाबलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, की फुप्फुसं मोकळी होतायत, आणखी चार-पाच दिवसांत नळी काढून बघू. हर्षलनं लगेच पुण्याला फोन केला. तो इतका खूश होता, की त्याला शब्द सापडत नव्हते. “ताई, नानांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, दुखतंय का, तर मान हलवली, नाही म्हणून.”

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला. मैथिली बैठकीत होती. ती बाहेर येऊन बोलू लागली.

“ताई, नाना गेले.”

“काय बोलतोयस? सकाळी तर...”

“मला काही समजत नाहीये. मी इथंच होतो. यंत्र हळूहळू बंद झालं. मी सिस्टरला हाक मारली तर ती म्हणते, संमतीप्रमाणे चाललंय. कसली संमती? ताई, कसली संमती?”

पुढं जे उलगडलं ते असं. पंचाहत्तरीच्या वरच्या रुग्णाला बारा दिवस यंत्रावर झाले, की रुग्णालयाची प्रणाली आपोआप एक आढावा काढी. उपचार थांबवावेत का, असं आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारी, मग दुसऱ्या तज्ज्ञाला, मग नातेवाइकाला. तिघांनी थांबवायला होकार दिला, तरच यंत्र चाळीस मिनिटांत, झोपेचं औषध देत देत, हळूहळू बंद होई. तीन कुलपं होती म्हणायची. कायदा करणाऱ्यांनी ह्यापेक्षा जास्त काय करायचं?

तिन्ही होकार आले होते.

आईला ही गोष्ट मैथिलीनं सांगायच्या आत रुग्णालयातल्या एका कारकुनानं सांगितली. कागदपत्रं देताना तो सहज म्हणाला, “तुमच्या मुलानंच परवानगी दिली ना, मग प्रश्नच नाही.” घर माणसांनी भरलेलं होतं. आई खुर्चीत बसली होती. तिनं हर्षलला जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “का रे? कंटाळलास का?”

“आई, मी नाही दिली. देवाशप्पथ, मला माहीतच नाही.”

“हे नाव कुणाचं?” तिनं कागद पुढं धरला. “हा अंगठा कुणाचा?”

हर्षल कागदाकडे बघत राहिला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललीच नाही.

*

होकार बटणाची जबाबदारी मैथिलीची असल्यामुळं राज्यातल्या कुठल्याही होकाराची नोंद तिला उघडता येत होती. तेराव्याचं झाल्यावर ती पुण्याला गेली, दार लावून घेतलं आणि वडिलांच्या तीन होकारांची नोंद काढली.

नातेवाइकाला दाखवलेला मजकूर तीन परिच्छेदांचा होता. भराभर वाचला तरी पाऊण मिनिट लागलं असतं. हर्षलनं तो समोर आल्यावर शून्य पूर्णांक चार सेकंदांत होकार दाबला होता. त्याच्या एक मिनिट आधी त्यानं चादर बदलायला होकार दिला होता आणि नंतर लगेच नळीतून पाणी द्यायला.

मग तिनं डॉक्टरांची नोंद पाहिली. शून्य पूर्णांक पाच. दुसऱ्या तज्ज्ञाची शून्य पूर्णांक सात.

तिघांनी तिच्या वडिलांना मारायला हो म्हटलं होतं आणि तिघांपैकी एकानंही ठरवलं नव्हतं. हर्षल निर्दोष होता. डॉक्टरही निर्दोष होते. सगळ्या साखळीत ज्यानं पंधरा दिवस विचार करून, समजून-उमजून, शुद्धीवर राहून एक निर्णय घेतला असा माणूस एकच सापडत होता, आणि त्या शेऱ्याखाली तिचंच नाव होतं.

शनिवारी नाशिकला जाऊन तिनं हर्षलला गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. मुलाणींचा आलेख, आपला शेरा, सेकंदाचे आकडे. काही लपवलं नाही.

हर्षलनं शेवटपर्यंत ऐकलं. ती त्याच्या रागाची वाट बघत होती, पण त्यानं विचारलं भलतंच.

“म्हणजे मी तिथं नव्हतोच?”

“तू होतास रे. फक्त...”

“बारा दिवस मी बापाच्या उशाशी बसलो. आणि त्या वेळेला मी नव्हतो. माझं बोट होतं.” त्यानं आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. “मग कोण होतं?”

त्या दिवसापासून तो बिघडत गेला. शीतगृहात उजवा हात खिशात घालून तो डाव्या हातानं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचे. बाहेर गाड्यांची रांग लागे. मालकानं त्याला आठवड्याभरानं घरी बसवलं. त्याची बायको पूनम मैथिलीला फोनवर म्हणाली, “त्यांनी मंडळाकडून स्वतःच्या गेल्या वर्षीच्या होकारांची यादी मागवलीय. एकतीस हजार. दिवसभर ती वाचत बसतात. काल मला विचारत होते, आपल्या लग्नाची नोंदणीपण ह्याच बटणावर केली होती ना? मी काय सांगू, वन्सं?”

मैथिलीनं ठरवलं, की आता गप्प बसायचं नाही. तिनं तक्रार दाखल केली आणि मुलाणींना साक्षीला बोलावलं. मुलाणींनी सांगितलं, की त्यांच्याकडं आणखी सतरा कुटुंबं आलीत. कुणाच्या आईचं यंत्र बंद झालं होतं, एका बाईनं नकळत आपलं बाळ दत्तक द्यायला हो म्हटलं होतं. पण त्यांच्या नोंदी उघडायला अधिकार असलेला साक्षीदार आजवर मिळाला नव्हता. खैरनारांचा निकाल लागला, तर सगळ्यांचा रस्ता मोकळा होईल.

मंडळाचे संचालक चिटणीस यांनी तिला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. माणूस थकलेला दिसत होता.

“तुमचं म्हणणं सिद्ध झालं, तर काय होईल ह्याचा विचार केलायत? गेल्या सहा वर्षांत ह्या राज्यात झालेला प्रत्येक करार त्या बटणावर झालाय. घरांची विक्री, घटस्फोट, मृत्युपत्रं, ऑपरेशनं. त्यातलं काय खरं होतं म्हणायचं? मॅडम, मी निवडून आलो तो ठरावसुद्धा त्या बटणावर झालाय.”

“म्हणून गप्प बसायचं?”

“मी तसं म्हणत नाही,” ते म्हणाले. “मी एवढंच विचारतोय, की दुसरीकडं काय आहे? मला दिसत नाहीये.”

*

चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सभागृहात, एका मंगळवारी सकाळी अकराला सुरू झाली. चौकशी अधिकारी म्हणून निवृत्त न्यायाधीश शकुंतला रोकडे होत्या. सावळ्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. मुलाणींचं बोलणं त्यांनी तासभर मन लावून ऐकलं, प्रश्न विचारले, आलेख दोनदा पाहिले. मैथिलीला पहिल्यांदाच वाटलं, की हे होऊ शकतं.

आई पुढच्या रांगेत बसली होती. ती मुद्दाम आली होती, काठी टेकत.

मग हर्षलला उभं केलं. रोकडेबाईंनी साधा प्रश्न विचारला. “संमतीचा मजकूर तुम्ही वाचला होता का?”

“हो,” हर्षल म्हणाला.

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. मैथिलीला वाटलं, त्याला प्रश्न नीट ऐकू आला नसेल.

“पुन्हा विचारते. त्यात काय लिहिलं होतं, हे तुम्हाला दाबताना ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं. मी तो मजकूर आधी एकदा उघडून वाचला, बंद केला. थोडा विचार केला. मग पुन्हा आला तेव्हा दाबला. नानांचे हाल मला बघवत नव्हते. मीच ठरवलं.”

तो हे आईकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत, पाठ केल्यासारखं बोलला. आईनं काठीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

रोकडेबाईंनी पुन्हा मैथिलीला बोलावलं. “श्रीमती खैरनार, नोंदीत शून्य पूर्णांक चार सेकंद दिसतात. तुमचे बंधू म्हणतात, त्यांनी आधी एकदा उघडून वाचलं होतं. पहिल्यांदा उघडून बंद केलेलं नोंदीत येत नाही, असं होऊ शकतं का? हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार नाही.”

मैथिलीला ते नेमकं माहीत होतं. नोंदीत सगळं येई. पहिल्यांदा उघडलेलं, अर्धवट सोडलेलं, बोट नुसतं वरून गेलेलंसुद्धा. ती मोजणी तिनंच लिहिली होती. हर्षलनं काहीही उघडलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो पहिल्यांदाच तिच्याकडं बघत होता. लहानपणी पडल्यावर, आईला सांगू नकोस म्हणून बघायचा तसा नव्हे. एखादा माणूस दोरीच्या टोकाला लोंबकळताना वरच्या माणसाच्या हाताकडं बघेल तसा. मागच्या रांगेत मुलाणी बसले होते. त्यांच्या मागं दोन-तीन अनोळखी चेहरे होते. ती त्या सतरांतली माणसं असावीत.

“होऊ शकतं,” ती म्हणाली.

मुलाणी उठले आणि कागद गोळा करू लागले.

बाहेर जिन्यात तिनं हर्षलला गाठलं. “का केलंस हे? तू सुटला असतास. आईनं तुला जवळ घेतलं असतं आज. ती सतरा माणसं...”

“मला ठाऊक आहे.”

“मग?”

हर्षल कठड्याला टेकून उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा शांत दिसत होता आणि ते बघवत नव्हतं.

“ताई, तुझं म्हणणं खरं धरलं, तर नानांना कुणीच मारलं नाही. ते चादर बदलल्यासारखे गेले. पस्तीस वर्षं लोकांचे जीव सांभाळलेला माणूस, आणि त्याच्या मरणाला एक माणूस नाही? मी ते घेऊन नाही जगू शकत. त्यापेक्षा मी मारलं, हे बरं आहे. निदान त्या क्षणी मी तिथं होतो, असं तरी होतं. मला तेवढं राहू दे.” मग म्हणाला, “आणि आईला कधी सांगू नकोस. शपथ घे.”

*

रोकडेबाईंचा अहवाल दोन महिन्यांनी आला. संमती वैध, पूर्ण समजून दिलेली. मंडळानं त्याची प्रत सगळ्या खात्यांना पाठवली आणि वर एका ओळीत लिहिलं, की एकसूत्रातील होकार हा यापुढे कायद्यानं निर्विवाद पुरावा मानण्यात येईल. सतरा कुटुंबांपैकी अकरांनी तक्रारी मागं घेतल्या. मुलाणींनी मैथिलीचा फोन एकदाच उचलला. ते म्हणाले, “तुमच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण मला पुन्हा फोन करू नका.”

तिनं राजीनामा दिला. तिच्या जागी आलेल्या मुलीनं सहा महिन्यांत बटणाची सरासरी आणखी खाली आणली.

हर्षल बायको-मुलीला घेऊन दिंडोरीकडं राहायला गेला. तिथं एका नर्सरीत तो रोपं विकतो. कमी बोलतो, पण कामाला जातो.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी मैथिली नाशिकला आली. दुपारची वेळ होती. आई पलंगावर बसून श्राद्धाच्या सामानाची यादी सांगत होती आणि मैथिली लिहून घेत होती. मध्येच आई थांबली.

“तुला एक विचारू?”

“विचार ना.”

“त्या दिवशी तो कचेरीत बोलला ते खोटं होतं का गं?”

मैथिलीचं पेन थांबलं.

“मी तेव्हापासून ऐकतेय तो आवाज,” आई म्हणाली. “तो खोटं बोलतो तेव्हा भिंतीकडं बघून बोलतो. लहानपणापासून. मला वाटतं, तो वाचून दाबणारा नव्हे. काहीतरी घोटाळा होता आणि तुम्ही दोघं माझ्यापासून लपवताय. तू त्या कामातली आहेस. तू सांगशील ते मी खरं धरेन. घोटाळा होता म्हणालीस, तर आत्ता ह्या घटकेला मी रिक्षा करून दिंडोरीला जाते. गुडघे गेले चुलीत.”

तिनं खरोखरच पलंगाखालच्या चपला पायानं पुढं ओढल्या होत्या.

मैथिलीनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. वर्षभरात प्रथमच त्यात काही उजेड होता. एक शब्द बोलली असती, तर तो उजेड राहिला असता आणि दिंडोरीला, रोपांच्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून त्यानं मोठ्या कष्टानं धरून ठेवलेली एकुलती एक गोष्ट निघून गेली असती. आई त्याला मिठी मारून म्हणाली असती, बाळा, तू काही केलंच नाहीस. त्या वाक्यानंतर हर्षल किती दिवस जगला असता, ह्याचा अंदाज मैथिलीला होता.

तिनं खूप वेळ घेतला. आजवर इतका वेळ तिनं कुठल्याच उत्तराला घेतला नव्हता.

“खोटं नव्हतं, आई,” ती म्हणाली. “त्यानं वाचलं होतं.”

आईनं मान हलवली. मग हळूच, एक एक करून, चपला पुन्हा पलंगाखाली सारल्या.

“बरं,” ती म्हणाली. “यादी कुठवर आली?”

“तिळापर्यंत.”

“तीळ लिहिलेस? मग पूनम नि मुलगी धरून पाच जणांची पानं लिही. सहा नकोत.”

मैथिलीनं पाच लिहिलं.